‘उरलेल्याचा’ म्हणजे नेमका कशाचा?

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही बार्शीला असतो. माझा मुलगा पाचवीला आहे, यंदा स्कॉलरशिपला बसवलंय. अपूर्णांकांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं येतं त्याला, पण शाब्दिक उदाहरण आलं की गाडी अडते आणि त्यातही ‘उरलेल्याचा अमुक भाग’ असं असलं की हमखास चुकतं. परवाचं उदाहरण असं होतं: एका माणसाने पगाराचा १/३ भाग घरभाड्याला दिला, उरलेल्याचा १/४ भाग किराण्याला, त्यानंतर उरलेल्याचा २/५ भाग मुलांच्या फीला, शेवटी त्याच्याकडे ९,००० रुपये उरले, तर पगार किती? ह्याने काढलं ५,४०,०००. क्लासमध्ये सांगितलंय की शेवटून उलटं सोडवत जायचं, तसं केलं तर २१,००० आलं. गाईडमध्ये उत्तर ३०,००० आहे. त्याचे बाबा एक्स धरून दाखवतात ते त्याच्या डोक्यावरून जातं, मग ह्यांचा आवाज चढतो आणि तो रडत बसतो. आता म्हणतो, माझं गणितच कच्चं आहे. मी स्वतः आर्ट्सची. मी घेऊ शकेन का त्याचा अभ्यास, आणि कसा?

उत्तर: ताई, नक्की घेऊ शकाल, आर्ट्सच्या असल्याने तर उलट बरंच आहे, कारण इथे अडलंय ते वाचण्यात, हिशोबात नाही. खरं वाटत नसेल तर त्याची वही उघडा आणि ते ५,४०,००० वालं कच्चं काम परत एकदा शांतपणे बघा. माझा अंदाज आहे की त्याने १/३, १/४ आणि २/५ यांची बेरीज केली असणार. लसावि ६०, म्हणजे २० अधिक १५ अधिक २४, झाले ५९/६०. मग उरला १/६० आणि तो ९,००० म्हणजे अख्खा पगार ९,००० गुणिले ६०, पाच लाख चाळीस हजार. बघा ना, लसावि बरोबर, बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, गुणाकार बरोबर. पाचवीतल्या पोराने वेगवेगळ्या छेदांचे तीन अपूर्णांक न चुकता मिळवले. हे ज्याला येतं त्याचं गणित कच्चं नाही, आणि हे त्याला आजच सांगा, वहीत बोट ठेवून सांगा की हे बरोबर, हे बरोबर, हेही बरोबर. नुसतं ‘तू हुशार आहेस’ म्हणू नका, मुलांना ते खोटं वाटतं.

मग चुकलं कुठे तर एकाच ठिकाणी. त्याने तिन्ही अपूर्णांक पगाराचे धरले. १/३ पगाराचा आहे हे खरं, पण १/४ पगाराचा नाहीये, तो भाडं दिल्यावर हातात जे राहिलं त्याचा आहे, आणि २/५ तर त्याच्याही पुढचा, किराणा भरून जे राहिलं त्याचा. तीन वेगवेगळ्या वस्तूंचे तुकडे आहेत हे, त्यांची बेरीज करून काही अर्थ निघत नाही. शाळेत आपण छेद समान करायला शिकवतो पण दोन्ही अपूर्णांक एकाच वस्तूचे आहेत ना हे बघायला शिकवतच नाही, कारण पुस्तकातल्या नुसत्या बेरजांच्या उदाहरणात ते आपोआप एकाचेच असतात आणि पोरगं तेच गृहीत धरून इथे येतं. म्हणून पहिली सवय एकच लावा. उदाहरणात जिथे जिथे अपूर्णांक दिसेल तिथे पेन्सिलने त्याच्या डोक्यावर लिहायचं, कशाचा? १/३ कशाचा, पगाराचा. १/४ कशाचा, भाडं दिल्यावर उरलेल्याचा. २/५ कशाचा, किराण्यानंतर उरलेल्याचा. हे लिहिल्याशिवाय एकही आकडेमोड करायची नाही. सुरुवातीला कंटाळा करेल, करू दे, पण लिहायला लावा, कारण तोंडाने ‘कळलं कळलं’ म्हणणारी मुलं लिहायला बसली की तिथेच अडतात आणि आपल्यालाही कळतं नेमकं कुठे अडतंय.

आता हे डोळ्यांना दिसायला हवं, नुसतं सांगून होत नाही. घरात ३० सेंटीमीटरची मोजपट्टी असेलच. जुन्या पेपरची ३० सेंटीमीटर लांब अशी एक पट्टी कापा, दोन बोटं रुंद पुरे. ही पट्टी म्हणजे त्या माणसाचा पगार, किती रुपये ते अजून माहीत नाही. त्याला म्हणा, भाड्यासाठी पट्टीचा तिसरा हिस्सा काप. तो १० सेंटीमीटर मोजेल आणि कापेल, तो तुकडा बाजूला ठेवून द्या, शक्यतो नजरेआड, तो गेला. हातात राहिली २० सेंटीमीटरची पट्टी. आता सांगा, किराण्यासाठी उरलेल्याचा १/४ काप. इथे थांबा आणि काहीही बोलू नका, त्याचा हात बघा. बहुतेक मुलं इथे आपोआप हातातल्या पट्टीचेच चार भाग करतात, ५ सेंटीमीटर कापतात, कारण गेलेला तुकडा समोर नाहीये तर त्याचा भाग ते कसा घेणार. कागदावर जी चूक होते ती हातात पट्टी असताना बहुतेक होत नाही. राहिले १५. त्याचे पाच भाग केले तर एकेक भाग ३ सेंटीमीटर, दोन भाग फीचे म्हणजे ६ गेले आणि उरली ९ सेंटीमीटरची पट्टी. आता सांगा त्याला की बाळा, ही जी उरली ना, हेच ते ९,००० रुपये. मग एक सेंटीमीटर म्हणजे किती? हजार. मग अख्खी पट्टी ३० ची होती तर पगार? तो स्वतःच्या तोंडाने तीस हजार म्हणेल, तुम्ही सांगू नका प्लीज.

ही पट्टी दोन-तीन वेगवेगळ्या उदाहरणांना करा, मग कापाकापी बंद करून चौकटीच्या वहीत आडवी पट्टी काढायला लावा, गेलेल्या भागावर तिरप्या रेघा मारायच्या आणि राहिलेला भाग खाली नव्याने परत काढायचा. खाली नव्याने काढायचा हे महत्त्वाचं आहे हं, त्याच पट्टीत कोंबायचा नाही. प्रत्येक ‘उरलेल्या’ला नवीन ओळ, नवीन पट्टी, आणि ती नवीन पट्टी म्हणजे आता नवीन पूर्ण.

आता ते २१,००० बघू, कारण मला तर ती चूक पहिल्या चुकीपेक्षा जास्त धोक्याची वाटते. क्लासमध्ये उलटं जायला सांगितलं ते चुकीचं नाही, रीत अगदी योग्य आहे, पण उलटं जाताना मुलं काय करतात तर जो अपूर्णांक वजा झाला होता तोच आहे त्या रकमेवर काढून मिळवतात. फी २/५ होती ना, मग ९,००० चे २/५ म्हणजे ३,६०० मिळवले, झाले १२,६००. त्याचा १/४ म्हणजे ३,१५० मिळवले, १५,७५०. त्याचा १/३ म्हणजे ५,२५० मिळवले, २१,०००. सगळं छान भाग जातंय, शेवटी गोल आकडा येतोय, पगार म्हणून शोभतोय, पोरगं खुश होऊन पुढच्या प्रश्नाला जातं. ५,४०,००० निदान खटकतं तरी, घरभाडंच एक लाख ऐंशी हजार होईल त्यात! पण २१,००० कुणालाच खटकत नाही, आणि पेपर काढणाऱ्याला मुलं कशी चुकतात हे पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे चार पर्यायांत असा आकडा सापडला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गोची कुठे आहे तर परत त्याच प्रश्नात, कशाचा? फीचे २/५ हे ९,००० चे नव्हतेच, ते फी भरायच्या आधी जी रक्कम होती तिचे होते. आणि ती रक्कम तर आपल्याला अजून माहीत नाही. मग उलटं जायचं कसं तर गेलेल्या भागाकडे बघायचंच नाही, राहिलेल्या भागाकडे बघायचं. पाचातले दोन गेले म्हणजे राहिले तीन. हे ९,००० म्हणजे तीन भाग आहेत. एक भाग ३,०००, आणि पाच भाग १५,०००. झालं, फीच्या आधी १५,००० होते. आता हे १५,००० म्हणजे किराण्यानंतर राहिलेले, चारातला एक गेला म्हणून तीन भाग, एक भाग ५,०००, चार भाग २०,०००. आता २०,००० म्हणजे भाड्यानंतरचे, तीनातला एक गेला म्हणून दोन भाग, एक भाग १०,०००, तीन भाग ३०,०००. पूर्ण गणितात एकही अपूर्णांक लिहावा लागला नाही बघा, नुसता भागाकार आणि गुणाकार, तोही तोंडी होण्यासारखा. ‘किती गेले’ हे वाचायचं पण लिहायचं ‘किती राहिले’. हेच एकदा पक्कं बसलं की अर्धं काम झालं.

हेच जरा पटकन करायचं असेल तर राहिलेल्या भागांचा सरळ गुणाकार. १/३ गेला तर २/३ राहिला, १/४ गेला तर ३/४ राहिला, २/५ गेले तर ३/५ राहिले, २/३ गुणिले ३/४ गुणिले ३/५, काटाकाट करून ३/१०. म्हणजे पगाराच्या दहा भागांतले तीन भाग ९,०००, एक भाग ३,०००, पगार ३०,०००. गाईडमध्ये शॉर्टकट म्हणून जे देतात ते हेच आहे. पण ते पट्टीच्या आधी देऊ नका, आधी दिलं तर तो गुणाकार पाठ करेल आणि मग अख्ख्या रकमेचे भाग असलेल्या उदाहरणातही गुणत बसेल.

आणि एखाद्या दिवशी अपूर्णांक बघूनच त्याचं डोकं बंद पडलं असेल तर तिसरी वाट आहे, मला मनापासून आवडते ती. पगार आपल्या सोयीचा धरायचा. तिन्ही छेदांचा गुणाकार करा, ३ गुणिले ४ गुणिले ५, साठ. समजू पगार ६० रुपये आहे. भाडं २० गेलं, राहिले ४०. किराणा १० गेला, राहिले ३०. फी १२ गेली, राहिले १८. आपल्या धरलेल्या पगारात शेवटी १८ राहतात आणि खऱ्या पगारात ९,०००, म्हणजे ५०० पट. मग पगारही ६० च्या ५०० पट, ३०,०००. इथे लसावि न घेता छेदांचा गुणाकारच घ्या, कारण लसावि कधीकधी मधेच दगा देतो, समजा अर्धे गेले आणि उरलेल्याचे परत अर्धे गेले, तर लसावि २ येतो आणि दुसऱ्याच पायरीला अर्धा रुपया हातात येतो, गुणाकार ४ घेतला की काही अडत नाही.

ही सोयीची संख्या धरायची रीत काही क्लासवाल्यांची नाही बरं का, भास्कराचार्यांच्या लीलावतीत ती इष्टकर्म म्हणून आहे, साल ११५०. आणि ‘उरलेल्याचा भाग’ ह्या प्रकाराला तिथे स्वतंत्र नावच आहे, शेषजाति. म्हणजे तुमच्या मुलाला जे अडतंय ते वेगळ्या जातीचं गणित आहे हे तेव्हाही माहीत होतं. त्यांचं उदाहरण त्याला गोष्टीसारखं सांगा. एक यात्रेकरू निघाला, प्रयागला त्याने जवळचं निम्मं द्रव्य दान केलं, उरलेल्याचे २/९ काशीला, मग उरलेल्याचा १/४ वाटेत जकातीला गेला, आणि उरलेल्याचे ६/१० गयेला दिले, शेवटी ६३ निष्क राहिले ते घेऊन घरी परत आला, तर निघताना किती होते? निष्क म्हणजे तेव्हाचं नाणं. आता तुमच्या रीतीने उलटे या. दहातले सहा गेले, राहिले चार, म्हणजे ६३ हे चार भाग. इथे मुलगा थबकेल कारण ६३ ला ४ ने भाग जात नाही. त्याला सांगा घाबरायचं नाही, ४ भाग ६३ तर २ भाग साडेएकतीस, म्हणून १० भाग म्हणजे त्याच्या पाचपट, १५७.५. हे जकातीनंतरचे, म्हणजे चारातले तीन भाग, एक भाग ५२.५, चार भाग २१०. हे काशीनंतरचे, नवातले सात भाग, एक भाग ३०, नऊ भाग २७०. हे प्रयागनंतरचे म्हणजे निम्मे, तर सुरुवातीला ५४०. जकात साडेबावन्न निष्क लागली, आणि त्याच पुस्तकात एका निष्काचे १६ द्रम्म दिलेत, म्हणजे ५२ निष्क आणि ८ द्रम्म, व्यवस्थित देता येईल अशीच रक्कम आहे. मधे अर्धा आला म्हणून गणित चुकलं असं नसतं, हे ह्यातून मुलांना फार छान कळतं. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे, कधी तिकडे गेलात तर मुलाला आवर्जून दाखवा.

ह्याच लीलावतीत जोडीला एक कमळांचं उदाहरण आहे, ते मी मुद्दाम लगेच पुढे देते. कमळांच्या राशीतला १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला वाहिला आणि राहिलेली ६ कमळं गुरूंच्या पायाशी, तर एकूण कमळं किती? इथे ‘उरलेल्या’ कुठेच नाही. चारही भाग अख्ख्या राशीचेच. म्हणजे इथे तुमच्या मुलाची आवडती बेरीज चालते, २० अधिक १२ अधिक १० अधिक १५, ५७/६०, राहिले ३/६० म्हणजे १/२०, ती ६, एकूण १२०. दोन्ही उदाहरणं एकाच दिवशी शेजारी शेजारी सोडवून घ्या. एकात बेरीज, एकात नाही, असं का, हे त्याने त्याच्या शब्दात सांगितलं की समजा जमलं. एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवली तर हात चालतो पण डोकं बंद असतं, गाईडमधल्या सरावसंचांचं हेच मला पटत नाही, सगळी एका छापाची.

परीक्षेत मात्र सरमिसळ येते. एकूण आणि उरलेला एकाच उदाहरणात. जसं की, एका शेतकऱ्याने एकूण शेताच्या १/४ भागात कांदा लावला, उरलेल्याच्या १/३ भागात गहू, एकूण शेताच्या १/५ भागात हरभरा, आणि २४ गुंठे पड राहिलं, तर शेत किती? इथे राहिलेल्यांचा गुणाकार लावला की फसलाच. डोक्यावर ‘कशाचा’ लिहिलं असेल तर मात्र दिसतं. कांदा शेताचा १/४. उरलं ३/४, त्याचा १/३ म्हणजे शेताचा १/४, गहू. हरभरा शेताचा १/५. आता तिन्ही शेताचेच झाले, आता बेरीज चालेल, १/४ अधिक १/४ अधिक १/५ म्हणजे ७/१०, राहिले ३/१०, ते २४ गुंठे, तर एक भाग ८ आणि शेत ८० गुंठे, म्हणजे दोन एकर. ३/४ चा १/३ हा १/४ कसा झाला हे पटत नसेल तर १२ लाडू घ्या नाहीतर १२ शेंगदाणे. चौघं भावंडं. पहिल्याने १/४ घेतले, ३. उरले ९, दुसऱ्याने उरलेल्याचा १/३ घेतला, ३. उरले ६, तिसऱ्याने उरलेल्याचा १/२ घेतला, परत ३. चौथ्याला राहिले ३. ऐकायला तिसऱ्याने निम्मे नेले असं वाटतं आणि मिळाले सगळ्यांना सारखेच. मुलं ह्याच्यावर अक्षरशः दोन मिनिटं गप्प होतात आणि मग परत करून बघतात.

अजून एक प्रकार आहे तो म्हणजे भाग आणि वर काही सुटे. पहिल्या दिवशी पुस्तकाचा १/४ भाग आणि वर १५ पानं वाचली, दुसऱ्या दिवशी उरलेल्याचा १/३ भाग आणि वर २० पानं, आता ६० पानं राहिलीत, तर पुस्तक किती पानांचं? इथे गुणाकाराचा शॉर्टकट उपयोगाचा नाही, सोयीची संख्या धरूनही जमत नाही, फक्त उलटं जायचं. आधी सुटी परत द्यायची, मग भाग बघायचे. ६० त २० मिळवले, ८०, हे तीनातले दोन भाग, म्हणून १२०. त्यात १५ मिळवले, १३५, हे चारातले तीन भाग, एक भाग ४५, पुस्तक १८० पानांचं. क्रम महत्त्वाचा, जे शेवटी झालं ते आधी उलटवायचं. म्हणूनच मी म्हणते की तीनपैकी एकच रीत पक्की करायला वेळ असेल तर उलटं जायची करा, जिथे प्रत्येक भाग आधीच्या उरलेल्याचाच असतो तिथे ती सगळीकडे चालते.

ताळा हा विषय मुलांना नकोसा असतो पण इथे ताळ्याशिवाय सोडूच नका, कारण इथला ताळा गणितापेक्षा सोपा आहे. आलेलं उत्तर घ्यायचं आणि उदाहरण गोष्टीसारखं पुढे वाचत जायचं. २१,००० धरा. भाडं ७,०००, राहिले १४,०००. किराणा ३,५००, राहिले १०,५००. फी ४,२००, राहिले ६,३००. पाहिजेत ९,०००. चुकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. स्कॉलरशिपच्या एका पेपरला ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा धड नाही, त्यामुळे तुम्हाला वाटेल ताळ्याला वेळ कुठला. पण पर्याय दिलेले असतात ना, मग कधीकधी सोडवायच्या ऐवजी ताळाच करायचा. २१,०००, २५,०००, ३०,०००, ३२,००० असे पर्याय असतील तर पहिल्यांदाच ३ ने भागायचंय, २५,००० आणि ३२,००० ला नीट भाग जात नाही, म्हणून ते मागे ठेवायचे. मधे अर्धा येऊ शकतो हे यात्रेकरूच्या उदाहरणात बघितलंच, त्यामुळे हे पर्याय कायमचे बाद नाहीत, पण आधी सोपे तपासायचे. ३०,००० घेतले, १०,००० गेले, २०,००० राहिले, ५,००० गेले, १५,००० राहिले, ६,००० गेले, ९,००० राहिले, जुळलं, गोल काळा करायचा आणि पुढे.

आता त्याच्या बाबांबद्दल. त्यांची एक्सची रीत बिलकुल चुकीची नाही, पुढच्या वर्गांत तीच लागणार आहे. पण अक्षर धरून समीकरण मांडणं शाळेत सहावीपासून येतं, पाचवीतल्या मुलाला एक्स म्हणजे अजून एक नवीन संकट. त्यात एक्स वजा एक्सछेदतीन, मग त्याचा १/४, कंस, मोठ्यांचाही गोंधळ होतो. त्यांना सांगा की सहा महिने हा एक विषय तुम्ही माझ्याकडे सोडा, त्याऐवजी पाढे घ्या त्याचे, भागाकाराचा वेग घ्या, उलटं जायच्या रीतीत सगळं काम भागाकाराचंच आहे. आणि बोलता बोलता त्यांनाच त्याला एक गंमत विचारू द्या. दुकानावर पाटी आहे, ५० टक्के सूट आणि बिलावर जादा २० टक्के सूट. हजाराचा शर्ट कितीला पडेल? पोरगं म्हणेल सत्तर टक्के सूट, तीनशेला. खरं तर पाचशे राहिले आणि त्या पाचशेचे २० टक्के गेले, चारशेला पडतो. आठवीला टक्केवारीत हेच गणित परत भेटणार आहे, तेव्हा ते ओळखीचं वाटेल. आणि रडायला लागला की त्या दिवशी वही बंद. रोज दोनच उदाहरणं द्या, एक उरलेल्याचं, एक एकूणाचं, कुठलं कशाचं ते न सांगता.

येत्या रविवारसाठी तीन देते. पाण्याच्या टाकीतलं १/५ पाणी सकाळी वापरलं, उरलेल्याचं निम्मं दुपारी, ४०० लिटर राहिलं, टाकी भरलेली असताना किती पाणी होतं? दुसरं, एका शाळेतल्या मुलांपैकी १/६ मुलं कबड्डीला गेली, उरलेल्यांपैकी २/५ खो-खोला, त्यानंतर उरलेल्यांपैकी १/३ लंगडीला, आणि ६० मुलं बघत बसली, तर एकूण मुलं किती? तिसरं, भाजीवालीने टोपलीतली निम्मी लिंबं आणि वर ५ विकली, मग उरलेल्यांतली निम्मी आणि वर ५ विकली, १० राहिली, तर आधी किती होती? उत्तरं १,००० लिटर, १८० मुलं आणि ७० लिंबं. तिसऱ्याला तो नक्की अडेल, पण लगेच सांगू नका, सुटी आधी परत द्यायची एवढंच हळूच आठवण करा. तरीही जमलं नाही तर मला त्याच्या कच्च्या कामाचा फोटो पाठवा, नुसतं उत्तर नको, खाडाखोडीसकट पाठवा, म्हणजे नेमकं कुठल्या ओळीत ‘कशाचा’ सुटलं ते मला बघता येईल.